पाच शिमग्यांची मुदत

मसुरे, ता. मालवण
१२ नोव्हेंबर १९६०

तीर्थरूप भाई यांस,
सत्यवतीचा नमस्कार.

‘तेचा नाव परत माज्या तोंडात येवचा नाय.’ गेल्या वर्षी आमच्या अंगणात उभं राहून तुम्ही हे म्हणाला होतात. सासूबाईंच्या चितेची राख तेव्हा अजून गरम होती. बेळगावहून तुम्ही पोचलात तोवर यांनी, धाकट्या भावाने, आईला अग्नी देऊन टाकला होता, थोरला मुलगा असताना. तुम्ही पाणीसुद्धा न घेता परत गेलात. गेल्या ज्येष्ठात हे गेले, तेव्हाही आला नाहीत. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. या घरातले पुरुष शब्द पाळणारे, एवढंच म्हणते.

पत्र लिहायचं कारण गाडी. तुमची काळी डॉज यांनी पाच शिमग्यांच्या कराराने भाड्याला घेतली होती. सख्ख्या भावाशी स्टँपपेपरवर करार कशाला, असं मी तेव्हा म्हटलं होतं, आणि तुम्ही दोघेही हसला होतात. अजून निम्म्याहून जास्त मुदत बाकी आहे. करारात तुम्हीच घालायला लावलेलं एक कलम आहे: मुदतीआधी गाडी परत द्यायची झाल्यास मालकाने स्वतः जागेवर येऊन ताब्यात घ्यावी. तर या आणि गाडी घेऊन जा, अशी विनंती आहे.

एसटीच्या फेऱ्या वाढल्या आहेत. तळेऱ्याला उतरणारी माणसं आता एसटीनेच पुढे येतात, गाडीला उतारू मिळत नाहीत. शिवाय एकट्या बाईने गाडीचा व्यवहार सांभाळायचा म्हणजे त्रासच. ड्रायव्हर आहे तो रेडीचा, लवू नावाचा. माणूस चांगला आहे. त्याच्याबद्दल तक्रार काही नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
सत्यवती

—

मसुरे
४ डिसेंबर १९६०

तीर्थरूप भाई यांस,
सा. न.

पत्र मिळालं. तुम्ही लिहिता की एसटी काही काल सुरू झाली नाही, करार म्हणजे करार, आणि त्रास ड्रायव्हरचा असेल तर ड्रायव्हर बदल.

तुमचं बरोबर आहे. एसटीचं मी उगाच लिहिलं. गाडी रोज भरून येते.

हे गेल्यावर आधी आपल्या वाडीतला गणपत गाडी चालवायचा. थोडेच दिवस. एका संध्याकाळी चावी माझ्या हातात देऊन तो म्हणाला, ‘काकी, माका ह्यां काम नको. मी घराक म्हणान निघतंय नि तुमच्या दारात पोचतंय.’ दुसऱ्याच दिवशी त्याने एसटी पकडली. आता मुंबईत गिरणीत आहे, बरा आहे म्हणतात. मला वाटलं, आळशी आहे, निमित्त सांगतो आहे.

मग श्रावणात लवू आला. आधी रेडीला खनिजाच्या ट्रकवर होता. त्याने यांना कधी पाहिलेलं नाही. आपलं घर कुठे हेही तो बाजारात विचारत विचारत आला. हे मुद्दाम लिहिते आहे.

पहिले पंधरा दिवस नीट गेले. मग एकदा तिन्हीसांजेला मी तुळशीपाशी दिवा लावत होते, आणि वळणावर भोंगा वाजला. एकदा तोकडा, मग एकदा लांब. तुम्हाला आठवत असेल तो भोंगा कोणाचा. माझ्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. गाडी अंगणात आली, फणसाखाली थांबली, लवू उतरला आणि त्याने बॉनेटवर दोन थापा मारल्या, बैलाच्या पाठीवर माराव्या तशा. म्हणाला, ‘नीज आता.’

मी विचारलं, ‘हे कोणी शिकवलं तुला?’

‘काय ता?’

‘गाडीला नीज म्हणायचं.’

तो हसला. ‘मी खंय काय म्हटलंय?’

शेजारच्या काशीबाईंची म्हैस तुम्हाला माहीत आहे. यांचा भोंगा ऐकला की ती पान्हा सोडायची. काशीबाई चरवी घेऊन भोंग्याची वाट बघत बसायच्या, आणि यांना उशीर झाला की आमच्या दगडी गडग्यावरून मला शिव्या घालायच्या. हे गेल्यावर म्हैस आटली. आंबोण घातलं, वैदूला दाखवलं, काही उपयोग झाला नाही. तर भाद्रपदात एक दिवस काशीबाई भरलेली चरवी घेऊन आमच्या पडवीत आल्या, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, ‘गो सत्यवती, माणसाक फसवूक येता. म्हशीक खंयसून फसवतलंस?’

मी म्हटलं, ‘काशीबाई, तुम्ही पण काहीतरीच.’

‘मी खंय काय म्हणतंय? दूध घी आपला,’ म्हणाल्या आणि निघून गेल्या. तेव्हापासून त्या लवूच्या तोंडाकडे बघत नाहीत. पण चरवी घेऊन वाट बघत बसतात.

ड्रायव्हर बदल म्हणता. बदलला तर नवा येईल तोही महिनाभराने फणसाखाली गाडी लावून थापा मारील. माणूस बदलून हे मिटणारं नाही.

उतरल्यावर तो रोज मला एकच प्रश्न विचारतो. तो मी इथे लिहीत नाही.

कृपा करून या.

सत्यवती

—

मसुरे
संक्रांत, १९६१

तीर्थरूप भाई यांस,
सा. न.

तुमचं उत्तर आलं नाही. तिळगूळ पाठवला होता, पोचला असेल.

काल लवूची बायको आली होती. रुक्मिणी. दोघं बाजाराकडे एका खोलीत राहतात. ती गरोदर आहे, शिमग्याच्या सुमाराला बाळंत होईल. मी तिला चटई टाकली, ती बसली नाही.

‘बाये, तुमी शिकलेली माणसां,’ ती म्हणाली. ‘माका एकच सांगा. माजो घोव तुमच्याकडे कामाक आसा, काय तुमी ठेवन घेतलास?’

मी विचारलं, ‘तो घरी येत नाही का?’

‘येता. येवन पडवेत बसता, पावण्यासारखो. वाढलंय तर जेवणा नाय, जेवन इलंय म्हणता. खंय जेवता तो?’

तिने माझ्या चुलीकडे पाहिलं. बायकांना सांगावं लागत नाही.

‘काल माका इचारल्यान, तू खंयची गो? मी म्हटलंय, रेडयेची. मस्करी करता असात म्हणान हसलंय सुद्दा. तर म्हणता कसो, रेडयेक माजा कोण नाय.’ एवढं म्हणून ती खाली बसली. रडली नाही. पोटावर हात ठेवून म्हणाली, ‘ह्यां पोर इल्यावर तो इचारतलो, ह्यां कोणाचा? तेवा मी काय सांगू, बाये?’

भाई, या प्रश्नासाठी मी हे लिहिते आहे. लवूचा दिवसाकाठी थोडाच भाग आता लवू असतो. सकाळी चावी घ्यायला येतो तेव्हा तो मला ‘बाये’ म्हणतो, तेव्हा तो असतो. दुपारी तळेऱ्याहून परत येतानाच तो वेगळं बोलायला लागतो, असं उतारू सांगतात. मुदत संपेपर्यंत असं चाललं, तर रुक्मिणीच्या दारात परत जायला कोणी उरणार नाही.

आता देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्याचं लिहिते. ते तुम्हाला आठवत असेल, नसेल तर आठवा. गाडी आणली त्या शिमग्याला आपण सगळे वेशीवरच्या राखणदारापुढे नारळ घेऊन गेलो होतो. सत्यवान घाडी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘गाडी चलवतल्याचा नाव सांग गो, तेका राखूक सांगतंय.’ मी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? तुम्ही सगळे हसत होतात. हेही हसत होते, मुद्दाम सांगत नव्हते, मजा बघत होते. तेव्हा मी खाली बघून म्हटलं, ‘गाडी हाकतलो तेका.’

आणि घाड्यांनी तेच उचललं. मला ते शब्दन्‌शब्द पाठ आहे: ‘बा राखणदारा म्हाराजा, जो कोण ह्या गाडयेचा चाक हातात धरीत, तेका रोज तिनीसांजेक हिच्या दारात सुखरूप आणून सोड. पाच शिमगे होयसर तेका अंतर देव नको, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा,’ सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज तुमचा होता.

राखणदार आपलं काम करतो आहे. त्याला कोणी माणूस सांगितलाच नव्हता. चाक धरणारा सांगितला होता, आणि दार माझं. जो चाक धरील त्याला तो या दाराचा माणूस करून आणून सोडतो.

तुम्ही येत नाही म्हटल्यावर मी लवूलाच गाडी घेऊन बेळगावला धाडलं होतं. तुमच्या दारात लाव आणि एसटीने परत ये, म्हटलं. संध्याकाळी वळणावर भोंगा वाजला. घाटाखाली एका दुकानात त्याने चहा घेतला, बेळगावची वाट विचारली, गाडी सुरू केली. त्यापुढचं त्याला आठवत नाही. ‘घराक इलंय,’ एवढंच म्हणाला.

सत्यवती

—

मसुरे
२९ जानेवारी १९६१

तीर्थरूप भाई यांस,
सा. न.

लवूला मी कामावरून काढलं. गाडीला कुलूप लावलं, चावी सासूबाईंच्या पेटीत तांदळात पुरून ठेवली. रुक्मिणीला म्हटलं, त्याला रेडीला घेऊन जा.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम घरात बसून राहिले. दिवेलागण झाली आणि भोंगा वाजला, एकदा तोकडा, एकदा लांब. काशीबाईंची म्हैस हंबरली. बाहेर आले तर गाडी फणसाखाली होती तशीच, काचेवर धूळ, पानं पडलेली. लवू तिच्यापासून लांब, गडग्यापाशी उभा होता. पाय धुळीने भरलेले. रेडीच्या रस्त्याने अर्ध्या वाटेवरून चालत परत आला होता. तो गाडीपाशी गेला, दोन थापा मारल्या, आणि माझ्याकडे वळून रोजचा प्रश्न विचारला. मी रोजचं उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी चावी त्याला परत दिली. निदान चालत तरी येऊ नये.

सत्यवान घाड्यांकडे गेले होते. म्हातारे झाले आहेत, पण आठवण पक्की आहे. मी म्हटलं, मुदत मोडायची आहे. ते सुपारी कातरत होते.

‘कागदार सही करून मोडता तो करार येगळो,’ ते म्हणाले. ‘हयसर जेनी व्हय म्हाराजा म्हटल्यानी, तेंतलो घरचो माणूस परत उभो रवाक होयो. आणि नाव घेवक होया. पयल्या येळेक नाव नाय घेतला, म्हणान तर ह्यां झाला.’

‘मी घेतलं तर?’

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, ‘तुज्यान घेवक जायत?’

तुम्हाला खरं सांगते. मी घेऊन पाहिलं. भर दुपारी, वाटेवर कोणी नसताना, एकटी वेशीवर गेले. राखणदाराच्या दगडावर कोणी तरी ताजी फुलं वाहिली होती. हात जोडले, तोंड उघडलं. लग्नात घास भरवताना उखाण्यात एकदा घेतलं होतं मी ते नाव. नंतर कधी नाही. शेजारी कोणाचं तेच नाव असलं तरी मी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारायचे. जीभ टाळ्याला चिकटून राहिली. शेवटी जे बाहेर पडलं ते नाव नव्हतं. ‘अहो’ एवढंच आलं.

मागून कोणीतरी म्हणालं, ‘काय गो?’

मी वळले नाही. घरी कशी आले ते आठवत नाही. लवू त्या वेळी उतारू घेऊन देवगडच्या रस्त्याला होता, हे मला नंतर चौकशी केल्यावर कळलं.

सत्यवती

—

मसुरे
१९ फेब्रुवारी १९६१

तीर्थरूप भाई यांस,
सा. न.

तुमचं पत्र परवा मिळालं. पाकिटातून कागद काढला तेव्हा मला वाटलं कोरा आहे. मग मधोमध ती एक ओळ दिसली: ‘तो माझ्याविषयी काही विचारतो का?’

नमस्कार नाही, तारीख नाही, करार नाही. ‘तो’ म्हणजे कोण हेही नाही. मी ती ओळ वाचली आणि भिंतीला टेकून बसले. मला राग यायला हवा होता. पण आला नाही. तुम्हीही वाट बघता आहात हे मला त्या ओळीने सांगितलं.

विचारतो. उतरल्यावर रोज जो प्रश्न तो मला विचारतो, आणि जो मी आजवर लिहिला नाही, तो हाच आहे: ‘भाई इलो?’

सासूबाई पहाटे गेल्या. तुम्हाला तार केली. वैशाखाची उन्हं, घर भरलेलं, भटजी घाई करताहेत, आणि हे सारखे रस्त्यावर जाऊन उभे राहतात. धूळ उडाली की अंगणात येऊन विचारतात, ‘भाई इलो?’ मी म्हणते, ‘नाय.’ परत जातात. ऊन कलेपर्यंत त्यांनी लोकांना थांबवून धरलं. शेवटी वाडीतले म्हातारे म्हणाले, आता नाही धरवत, बाबा. तेव्हा त्यांनी अग्नी दिला. तुम्ही दिवे लागता लागता आलात आणि जे म्हणायचं ते म्हणालात. त्यांनी तुम्हाला यातलं काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरापुढे काय बोलायचं?

त्यानंतर रोज तळेऱ्याहून परत आले की गाडीला थोपटायचे आणि मला विचारायचे, ‘भाई इलो?’ सहज विचारावं तसं, चपला काढता काढता. त्यांना वाटायचं, एक दिवस तुम्ही येऊन पडवीत बसलेले असाल. मी ‘नाय’ म्हणायचे आणि ताट वाढायला आत जायचे. ज्येष्ठात तापाने पडले, बोलणं तुटलं, तरी दारात कोणी आलं की डोळे तेच विचारायचे.

आता लवू विचारतो. मी ‘नाय’ म्हणते. तो मान हलवतो आणि पाय धुवायला जातो, अगदी तसाच, डावा पाय आधी.

भाई, माझंही सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला एकटं वाटायचं नाही. रुक्मिणीने माझ्या चुलीकडे पाहिलं, ते उगाच नव्हे. भाद्रपदापासून मी दोन माणसांचा भात घालते. बांगडे आणले तर मधला तुकडा बाजूला काढते. काल दिवा लावताना हात आपोआप कुंकवाची डबी होती त्या कोनाड्याकडे गेला. मी तो मागे घेतला. वेशीवर माझ्या तोंडून नाव का आलं नाही, हे घाड्यांना माझ्याआधी कळलं होतं. घेतलं असतं तर भोंगा बंद झाला असता. माझी जीभ रीतीमुळे अडली नाही, भाई. ती मीच अडवली.

आणि तुम्हीही अडवाल. ती ओळ लिहिणारा माणूस हे थांबवायला यायचा नाही, हे मी ओळखते. जोवर गाडी इथे आहे तोवर रोज तिन्हीसांजेला तुमच्या नावाने कोणीतरी विचारतं. आई गेली, भाऊ गेला, रागात सगळं गेलं, पण अंगणात अजून तुमची वाट बघणारं कोणी आहे. असं कोण सोडील?

पण आज दुपारी रुक्मिणी परत आली होती. तिचे पाय सुजले आहेत. पडवीच्या कडेला बसून राहिली. मी पेज दिली, ती प्यायली. जाताना म्हणाली, ‘बाये, तुमच्याकडे तो हसता काय?’

मी म्हटलं, ‘हसतो.’

‘मगे बरा,’ ती म्हणाली. ‘माका दिसना नाय म्हणान इचारलंय.’

ती गडग्यापलीकडे जाईपर्यंत मी उभी राहिले. मग आत येऊन हे पत्र लिहायला घेतलं. शिमगा दहा-बारा दिवसांवर आहे. पालखी वेशीवर येईल, घाडी गाऱ्हाण्याला उभे राहतील.

तुम्ही आदल्या दिवशी या. कोणाला सांगू नका, मलाही कळवू नका. पडवीत बसा, जिथे त्यांना वाटायचं तुम्ही बसलेले असाल. दिवेलागण होईल, वळणावर भोंगा वाजेल, गाडी फणसाखाली येईल. तो उतरेल, तिला थोपटेल, चपला काढता काढता मला विचारेल. तेव्हा मी उत्तर देणार नाही. उत्तर तुम्ही द्या. उठून पुढे या आणि तुमच्या भावाला त्याच्या नावाने हाक मारा, एकदाच, लहानपणी नदीवरून मारायचात तशी. ‘इलंय’ म्हणा. दुसऱ्या दिवशी वेशीवर तेच नाव राखणदारापुढे घ्या, आणि मग गाडी घेऊन जा.

त्यानंतर तिन्हीसांजेला इथे काही वाजणार नाही. काशीबाईंची म्हैस आटेल. तुम्हाला बेळगावात आणि मला इथे फार शांत वाटेल, आणि ते आपल्याला सोसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही नाहीच म्हणणार हेही ठाऊक आहे. तरी मागते.

या, भाई. त्यांचं नाव घ्या.

आपली,
सत्यवती